वांद्र्यात नव्याने राहायला आलात? आधी पाखाड्या ओळखा

स्टेशनच्या पाटीवर ‘वांद्रे’, रिक्षावाल्याच्या तोंडी ‘बांद्रा’ आणि कॅफेतल्या पोरांच्या तोंडी ‘बॅन्ड्रा’. साताऱ्याहून मी इथे भाड्याने राहायला आले त्याला आता अकरा वर्षं होतील. पहिले सहा महिने मी फक्त त्या तिसऱ्या नावाच्या गावात राहिले. कुठल्या कॅफेत खिडकीजवळची जागा मिळते, लिंकिंग रोडला चपलांचा भाव कितीपासून पाडायचा, बँडस्टँडवर सूर्यास्त कुठून नीट दिसतो, हे सगळं पाठ होतं. खालच्या मजल्यावर कोण राहतं ते माहीत नव्हतं. एका रात्री सडकून ताप भरला आणि कुणाचं दार वाजवावं ते सुचेना.

त्या तापातून उठल्यावर मी वांद्रं पहिल्यापासून शिकायला घेतलं. माझ्यामागून गावाकडच्या, ओळखीच्या बऱ्याच मुली-मुलं इथे राहायला आली. प्रत्येकाला तेच तेच सांगत आले, ते आता एकदा सविस्तर लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण आपल्यातले बरेच जण इथे येताना दबकून असतात. इंग्रजी फाडफाड बोलता येत नाही, कपडे साधे, मग वांद्र्यात आपलं काय काम, असं वाटतं. पण या जागेचे मूळ रहिवासी कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती. दोघांचीही घरची बोली मराठीच. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्या समाजाने १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं. गाव, शेती, मासेमारी त्याच्या कितीतरी आधीची. त्यांच्या लग्नात आजही ‘उंबराचं पाणी’ आणायला वाजतगाजत जातात आणि बायका लुगडी नेसतात. तेव्हा मराठी घेऊन इथे आलात तर हातात किल्ली घेऊनच आलात.

पायरी पहिली: नावं शिका

घर बघायच्याही आधी हे करा. वांद्र्यात रस्त्याला दोन नावं असतात, एक पाटीवरचं आणि एक तोंडातलं. पाटीवर ‘रामदास नायक मार्ग’ असतो, सगळे म्हणतात हिल रोड. ‘गुरुनानक मार्ग’ म्हणजे टर्नर रोड. कार्टर रोडला संगीतकार नौशाद यांचं नाव आहे, ते तिथेच राहायचे. एस. व्ही. रोड म्हणजे स्वामी विवेकानंद मार्ग. जुनी माणसं अजून घोडबंदर रोड म्हणताना ऐकलीत तर गोंधळू नका. कुरियरवाल्याला पाटीवरचं नाव द्या, रिक्षावाल्याला तोंडातलं. पिनकोड पश्चिमेचा ४०००५०, पूर्वेचा ४०००५१. हे उलटं लिहिलं तर पार्सल रुळांच्या पलीकडे जाऊन बसतं.

याहून महत्त्वाचा तिसरा थर पाखाड्यांचा. पाखाडी म्हणजे छोटी वस्ती, गावठाणाचा एक तुकडा. वांद्र्याच्या चोवीस पाखाड्या सांगितल्या जायच्या. रनवार, पाली, चुईम, शेर्ली, राजन, कांतवाडी, वरोडा, चिंबई ही नावं रस्त्यांच्या पाट्यांवर आजही टिकून आहेत. शेर्ली-राजन रोड म्हटलं की दोन पाखाड्यांची नावं एका दमात घेतली जातात. वहीत या नावांची एक यादी करा आणि प्रत्येक नावापुढे एक ओळखीची खूण लिहा: विहीर, क्रूस, बेकरी, वडाचं झाड, काहीही. मोबाइलचा नकाशा रस्ता दाखवेल, पण पाखाडी कुठे संपते ते दाखवणार नाही. ते चालून आणि विचारूनच कळतं.

पायरी दुसरी: घर आणि कागद

माझ्या पहिल्या घराच्या दलालाने सांगितलं होतं, ‘स्टेशनपासून दहा मिनिटं.’ त्याने घर दाखवलं रविवारी सकाळी, रिक्षाने. सोमवारी संध्याकाळी सात वाजता त्याच अंतराला मला चाळीस मिनिटं लागली, तीही चालत. कारण रिक्षा हललीच नसती. म्हणून घर पसंत पडलं की होकार द्यायच्या आधी कामाच्या दिवशी संध्याकाळी स्टेशनवरून तिथपर्यंत एकदा चालत जा. वाटेत दिवे आहेत का, फूटपाथ आहे का, पाणी साचल्याच्या खुणा भिंतींवर दिसतात का, ते बघा. मग वॉचमनला दोन प्रश्न विचारा: पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? गाळा मालकाचा स्वतःचा आहे की पागडीचा, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाडेहक्काचा? वॉचमन या दोन्हींची उत्तरं दलालापेक्षा खरी देतो.

त्याच दलालाने करार नोंदवायची गरज नाही असंही सांगितलं होतं आणि मी ऐकलं. पुढे बँकेत पत्ता बदलायला गेले तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखा एकही कागद नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची, त्याने फरक पडत नाही. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर धरलेल्या वर्षाच्या दहा टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के, आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. हे आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होतं. भाड्याच्या मानाने खर्च किरकोळ आहे. कोण किती भरणार ते बोलून घ्या, पण नोंदणी सोडू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते. तेही मालकाचं काम, पण त्याची प्रत तुमच्याकडे ठेवा.

मालक स्वतः घरात राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. भाड्याचा आकडा फुगवताना हे कारण पुढे आलं तर सोसायटीचं बिल दाखवायला सांगा.

विजेबद्दल एक गोष्ट: माहीमपर्यंत बेस्टची वीज, खाडी ओलांडली की अदानी किंवा टाटा. दादरहून घर बदलणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आदल्या भाडेकरूची थकबाकी नाही ना, ते मीटरचा क्रमांक घेऊन स्वतः तपासा.

पायरी तिसरी: पहिली फेरी पायी

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश सांगते. शनिवार किंवा रविवार निवडा, सकाळी सातला स्टेशनच्या पश्चिमेला उभे राहा. पायात चप्पल नको, बूट घाला. हातात पाण्याची बाटली आणि सुटे पैसे. हेडफोन घरी ठेवा.

बाहेर पडण्याआधी स्टेशनच्या इमारतीकडे नीट बघा. उतरती छपरं, लाकडी कोरीवकाम. एकोणिसाव्या शतकातली ही वास्तू वारसा यादीत आहे. रोज हजारो लोक तिच्याखालून जातात आणि वर बघत नाहीत. तिथून एस. व्ही. रोडला या. समोर वांद्रे तलाव, आता स्वामी विवेकानंद सरोवर. नवपाड्याच्या एका सधन कोकणी मुसलमानाने तो बांधल्याचं सांगतात. जवळच जरीमरी मातेचं देऊळ. म्हणजे स्टेशनपासून पाच मिनिटांत या गावाचे दोन जुने धागे हाताला लागतात.

मग बाजार रोडला वळा. वांद्र्याची मूळ बाजारपेठ ही. अरुंद रस्ता, वर लाकडी सज्जे, खाली धान्याची, भांड्यांची, सुक्या मासळीची दुकानं. या एका रस्त्यावर देऊळ, मशीद, जैन मंदिर सगळं आहे. इथे घाई करू नका. एक चहा घ्या. दुकानदाराला ‘दुकान किती जुनं?’ एवढं एकच विचारा. पुढचं तो स्वतःच सांगतो.

तिथून चॅपल रोड गाठा. भिंतींवरची मोठमोठी चित्रं बघायला आता शहरभरातून लोक येतात. अनारकलीचं भित्तिचित्र २०१२च्या सुमाराला आलं आणि मग ही गल्ली छायाचित्रांत सगळीकडे दिसू लागली. चित्रं जरूर बघा. पण ती ज्या भिंतींवर आहेत त्या घरांच्या भिंती आहेत, आत माणसं राहतात. कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका. खिडकी उघडी असली की आवाज खाली घ्या. या गल्लीत राहणाऱ्यांची हीच एक तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, आणि ती खरी आहे.

चॅपल रोडवरून आत शिरलात की व्हेरोनिका स्ट्रीट, वरोडा रोड, म्हणजे रनवार. इथे थांबा आणि एका घराकडे फक्त पाच मिनिटं बघत राहा. जिना घराच्या बाहेरून वर जातो. पुढे ओटीसारखा व्हरांडा, त्याला लाकडी कठडा. मंगलोरी कौलं. कठड्यावर डब्यांत लावलेली तुळस किंवा अबोली. कोपऱ्यावर क्रूस, त्याला झेंडूचा ताजा हार, पायाशी अर्धी जळलेली मेणबत्ती. असे क्रूस वांद्र्याच्या गल्लोगल्ली आहेत. त्यांतले बरेच १८९६च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभारले. साथ घराशी येऊ नये म्हणून गावाने वेशीवर राखण बसवावी तसे. काहींवर वर्ष कोरलेलं आहे. ते शोधा, वहीत लिहा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हा खेळ फार आवडतो.

याच गल्लीत माझी शाळा सुरू झाली. मी क्रुसावरचं वर्ष वाचत वाकले होते. वरच्या व्हरांड्यातून एका म्हाताऱ्या आंटीने विचारलं, “कोणाकडे आलीस गं?” फ्रॉक घातलेली, चष्म्याला दोरी. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत होते आणि प्रश्न आला मराठीत. मी म्हटलं, “कोणाकडेच नाही, इथे राहायला आलेय, बघत होते.” तिने वरूनच सांगितलं की पुसट झालेला आकडा सहा आहे, नऊ नाही. मग पाणी हवं का विचारलं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम त्याच वेळी तिथून गेले. तिसऱ्या रविवारी तिने मला वर बोलावलं आणि काळ्या बाटलीतला मसाला पुडीत बांधून दिला.

त्या मसाल्याचं नावच बॉटल मसाला. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कांडून तो करतात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात, म्हणजे उजेड लागून वास उडत नाही. वर्षभर पुरतो. ईस्ट इंडियन घरांत प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि ते सहसा सांगितलं जात नाही. घरगुती विक्री करणाऱ्या बायका आहेत. बेकरीत किंवा चर्चबाहेर चौकशी केली की पत्ता मिळतो. पहिल्यांदा घ्याल तर पाव किलोच घ्या आणि साध्या बटाट्याच्या रश्श्यात घालून बघा.

रनवारमधून हिल रोडला बाहेर पडा. समुद्राच्या दिशेने चालत गेलात की वांद्रे पोलीस ठाणं, मेहबूब स्टुडिओ, सेंट अँड्र्यूज चर्च लागतं. या चर्चची स्थापना सोळाव्या शतकातली, पोर्तुगीज काळातली. त्याच्या मागे चिंबई, कोळीवाडा. इथेही तोच नियम: होड्या आणि वाळत घातलेली मासळी हे लोकांचं कामाचं ठिकाण आहे, ओलांडून जाऊ नका, विचारून जा.

थकला असाल तर इथेच थांबा. अंगात जोर असेल तर टेकडी चढून माउंट मेरी चर्चला जा. आताची इमारत १९०४ची. कोळी बायका इथल्या मेरीमातेला मोतमाउली म्हणतात आणि नवसाला येणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. बाहेरच्या ठेल्यांवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखणं किंवा मागणं, तो त्या आकाराचं मेण वाहतो. समोरच्या पायऱ्या उतरलात की खाली बँडस्टँड, आणि डावीकडे टोकाला किल्ला. पोर्तुगिजांनी तो १६४०मध्ये बांधला. त्याच्या पोर्तुगीज नावातला ‘अग्वादा’ म्हणजे गोड्या पाण्याची जागा. जहाजं इथे पाणी भरून घ्यायची. किल्ल्यावरून सी लिंक, म्हणजे वांद्रे-वरळी सागरी पूल, पूर्ण दिसतो. सकाळी गेलात तर बसायला सावली आणि शांतता दोन्ही मिळतात.

एवढं अंतर न थांबता तासाभराचं असेल. मी म्हणते तसं चाललात तर चार तास लागतील, आणि तेवढे द्या.

पायरी चौथी: तोच रस्ता, वेगळ्या वेळा

पुढच्या पंधरा दिवसांत याच वाटेचा एक तुकडा निवडा, शक्यतो घराजवळचा, आणि चार वेळा चाला: पहाटे सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात, रात्री अकरा. पहाटे सायकलवर पाववाला दिसेल, त्याचा भोंगा ओळखीचा करून घ्या. दुपारी गल्ली झोपलेली असते आणि म्हातारी माणसं व्हरांड्यात असतात. बोलायला हीच वेळ चांगली. संध्याकाळी शाळा-क्लासची पोरं आणि गाड्यांची कोंडी. रात्री अकराला कुठली दुकानं उघडी असतात, कुठल्या कोपऱ्यावर माणसांची जाग असते, कुठला पट्टा सुनसान होतो ते बघून ठेवा. मुलींनी हे एकटीने करू नये, मैत्रिणीला घेऊन करावं, पण करावंच. घरी परतायला उशीर होणार त्या दिवशी कुठल्या गल्लीने यायचं ते आधी ठरलेलं असलं की भीती निम्मी होते.

याच पंधरवड्यात चार नंबर फोनमध्ये हवेत: वॉचमन, इस्त्रीवाला, किराणा दुकान, जवळचा डॉक्टर. मी चौथा नंबर घेतला नव्हता म्हणून त्या रात्री तशी पडून राहिले. महापालिकेचं भाभा रुग्णालय वांद्रे पश्चिमेतच आहे, तिथे जायचा रस्ता धडधाकट असताना एकदा बघून या. कचरा, पाणी, पडलेलं झाड यासाठी महापालिकेचा १९१६ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. तुमचा विभाग एच पश्चिम, तक्रार करताना हेच सांगायचं.

पायरी पाचवी: बाजारहाट

भाजीसाठी दोन बाजार: बाजार रोड आणि पाली नाका. पाली नाक्यावर ब्रोकोली, झुकिनी, परदेशी लेट्यूस सगळं मिळतं आणि भाव त्या मानाने चढे असतात. रोजची मेथी-भेंडी बाजार रोडवरून आणा.

मासळी मात्र शिकावी लागते. मी घाटावरची, मला बोंबील आणि मांदेली यांतला फरकही कळत नव्हता. बाजार रोडला एका कोळणीसमोर बराच वेळ उभी राहिले तेव्हा ती म्हणाली, “पोरी, नुसती बघतेस काय? हात लावून बघ.” तिने पापलेटचे कल्ले उचलून दाखवले, मग डोक्याजवळ अंगठ्याने दाबलं. पांढरा पाण्यासारखा स्राव आला तर ताजं, लालसर-तपकिरी आला तर शिळं. सुरमईचे कल्ले लाल हवेत आणि डोळे वर आलेले, खोल गेलेले नकोत. बोंबील बोटावर घेतला की चकाकला पाहिजे. भाव करा, पण भवानीच्या वेळी फार ताणू नका; पहिलं गिऱ्हाईक परत गेलं तर तिचा दिवस खराब जातो असं ती मानते. त्याच त्याच कोळणीकडे जात राहा. तीन-चार महिन्यांत ती स्वतःच म्हणेल, ‘आज हे घेऊ नको.’ जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, सोडे, सुके बोंबील यांवर भागवा.

पावासाठी बेकऱ्या भरपूर आहेत. हिल रोडची ए-वन, १९०८ची अमेरिकन एक्सप्रेस बेकरी ही जुनी नावं. पाव संध्याकाळच्या भट्टीचा गरम मिळतो, तेव्हा वेळ विचारून ठेवा. एल्को मार्केटची पाणीपुरी सगळे सांगतीलच. कपडे-चपलांची घासाघीस लिंकिंग रोडला करा, हिल रोडलाही होते. आवडलेली वस्तू पहिल्या दुकानात घेऊ नका, एवढंच.

मराठी वाचणाऱ्यांसाठी: वांद्रे पश्चिमेत नॅशनल लायब्ररी नावाचं जुनं मराठी ग्रंथालय आहे. सभासद व्हा. तिथे पुस्तकं बदलायला येणारी ज्येष्ठ मंडळी म्हणजे या भागाची चालतीबोलती आठवण आहे.

पायरी सहावी: ये-जा

वांद्र्याला पश्चिम रेल्वेच्या धीम्या आणि जलद दोन्ही गाड्या थांबतात, शिवाय हार्बर लाइन आहे. वांद्रे टर्मिनस हे वेगळं स्टेशन, पूर्वेला. गावाहून तिथे उतरलात आणि सामान असेल तर एक सोय लक्षात ठेवा: खार रोड स्टेशनवरून टर्मिनसला जोडणारा पादचारी पूल आहे. वांद्रे स्टेशनवरून बॅगा ओढत जाण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

रिक्षा वांद्र्याच्या दक्षिणेला जात नाही. माहीमची खाडी ही हद्द. पलीकडे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस. फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, टॅक्सीचं ३१. रात्री बारा ते पाच सव्वापट. टॅक्सीवाल्याने ‘सी लिंकने की माहीमवरून?’ विचारलं तर टोल तुमच्या खिशातून जाणार हे धरून उत्तर द्या. सी लिंक ३० जून २००९ला सुरू झाला. त्यावर रिक्षा, दुचाकी, पायी जाणारे कुणालाच परवानगी नाही. त्याआधी पश्चिम उपनगरांचा मुख्य भरवसा माहीमच्या कॉजवेवर होता. हा रस्ता १८४०च्या दशकात झाला, आणि त्यासाठी लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले होते. माहीमवरून जाताना ‘एल. जे. रोड’, म्हणजे लेडी जमशेटजी रोड, ऐकलं की हे आठवा.

संध्याकाळी स्टेशनबाहेर रिक्षासाठी झुंबड असते. तिथे वाट बघण्यापेक्षा तलावापर्यंत चालत या, किंवा बेस्टची बस घ्या. फादर अ‍ॅग्नेल आश्रमाकडे जाणारी बस हिल रोडकडच्या लोकांना सोयीची. मे २०२५पासून साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये, एसीचं १२.

पूर्व बाजू विसरू नका. पश्चिमेत राहणारी माणसं वर्षानुवर्षं रूळ ओलांडत नाहीत. तिथे कलानगर आहे, साहित्यिकांची साहित्य सहवास ही वसाहत आहे, सरकारी वसाहत, उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय आणि पुढे बीकेसी, म्हणजे ऑफिसांचं वांद्रे-कुर्ला संकुल. मेट्रो ३ या बाजूने जाते. ऑक्टोबर २०२४मध्ये आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा सुरू झाला. नोकरी बीकेसीत असेल तर स्टेशनच्या पूर्वेला शेअर रिक्षाची रांग असते. पूर्वेला एक अख्खी संध्याकाळ द्या.

पायरी सातवी: पहिला पावसाळा

भरतीचं वेळापत्रक घरात लावा. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असेल ते दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्याच वेळी जोराचा पाऊस झाला की समुद्र पाणी आत घेत नाही आणि सखल रस्ते तुंबतात. खार सबवे लगेच भरतो. पहिल्या मोठ्या पावसात तुमच्या गल्लीत पाणी कुठपर्यंत येतं त्याची खूण करून ठेवा आणि तळमजल्यावर राहत असाल तर कागदपत्रं वरच्या फळीवर.

बँडस्टँडच्या खडकांवर उतरू नका. हे मी हात जोडून सांगते. भरती पाठीमागच्या खाचांतून आत येते, तुम्ही समोरच्या लाटेचा फोटो काढत असता आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. शेवाळावर पाय टिकत नाही. इथे माणसं गेली आहेत, बहुतेक तरुण. कठड्याच्या आत बसूनही तोच समुद्र दिसतो. पावसात कार्टर रोडला गेलात तर तिवरांचा पट्टा बघा, हिरवागार झालेला असतो.

मग सप्टेंबर येतो आणि मोतमाउलीची जत्रा. ८ सप्टेंबरनंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर. टेकडीकडचे रस्ते गाड्यांना बंद होतात, बेस्ट जादा बस सोडते. रविवारी गर्दीत जाऊ नका, मंगळवार-बुधवारी सकाळी जा. मराठीतही मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, होते, दाराशी वेळ विचारा. येताना चणे, फुटाणे, कडक बुंदीच्या कांड्या आणि पेरूचं चीज घेऊन या, आणि थोडं शेजारी द्या.

डिसेंबरात गल्ल्यांत कागदी चांदण्या लागतात, कोपऱ्याकोपऱ्यावर येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे सजतात. नाताळानंतर पोरं जुने कपडे आणि पेंढा मागायला दारात येतात, त्याचा ‘ओल्ड मॅन’ करतात आणि ३१ तारखेच्या मध्यरात्री सरत्या वर्षाच्या नावाने जाळतात. त्याच्यासाठी पैसेही मागतात, तेव्हा दाराजवळ सुटे ठेवा. जुना शर्ट दिलात तर रात्री खाली उतरून बघा, तुमचाच शर्ट कुठल्या गल्लीच्या म्हाताऱ्याच्या अंगात आहे ते ओळखता येतं. मागच्या वर्षी माझा निळा चौकड्यांचा सदरा रनवारच्या चौकात खुर्चीवर बसला होता, आणि आंटी व्हरांड्यातून ओरडून सगळ्यांना सांगत होती, “हा आमच्या साताऱ्यावालीचा!”